पाण्याला पाणी भेटेपर्यंत

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे लुगड्याची घडी. चंद्रपुरात, लेकाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, दुपारी. नऊवारी लुगड्याची घडी एकट्याला नीट येत नाही, दोन माणसं लागतात. सगुणाला पायामुळं उठता येत नव्हतं, म्हणून ती पलंगावर बसली अन् दुसरं टोक धरून मी बाल्कनीच्या जाळीपर्यंत मागं मागं गेलो. जाळी पाठीला लागली तरी लुगडं झोळच खात होतं.

"ताना नं जरा," ती म्हणाली. "जेवले नाई का?"

"फाटन."

"फाटलं तं फाटलं. तुमच्या हातानं काय काय नाई फाटलं."

मी ताणलं. मग तिच्यापर्यंत चालत गेलो, माझी टोकं तिच्या हातात दिली, खाली लोंबणारी घडी उचलली, पुन्हा मागं आलो. असं तीन-चार वेळा. शेवटी लुगडं उशीएवढं झालं. तिनं ते मांडीवर ठेवून हातानं दाबलं अन् रोजचं विचारलं, "पाणी उतरलं का?"

आमच्या गावाच्या अलीकडं एक नाला आहे. यंदा तो पुलावरून वाहत होता. त्या आधी पाऊस नव्हता तेव्हा पाय बरा नव्हता, पाय जरा बरा झाला तेव्हा नाला चढला. ती रोज विचारायची अन् मी रोज सांगायचो, पाणी उतरलं की जाऊ. त्या दिवशी माझं डोकं फिरलं.

"रोज रोज काय एकच विचारून राह्यली? मी का नाल्यावर बसलो हाय?"

ती घडी डोक्याखाली घेऊन आडवी झाली. दिवे लागायच्या वेळी चहाला हाक मारली तेव्हा ती गेलेली होती.

सावन लागला की धानाचे रोवणे, लावण्या, लागतात अन् मला एकच सावन आठवतो. बाकीचे साठ-पासष्ट सावन कुठं गेले ते देवाला माहीत. त्या वेळी चंद्रपूरला चांदा म्हणत. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, जाऊन दोन-तीन सालं झाली होती. मालगुजारांचे तलाव सरकारचे झाले होते, पण तलावाला त्यातलं काय कळतं? त्याच्यात पाणी तेच, कमळ तेच, अन् पाळीवरच्या, तलावाच्या बांधावरच्या, सिंदीच्या झाडांवर बगळे तेच. आम्ही तलावावरची माणसं. मासोळी धरायची, दोन बांध्यांत, बांध घातलेल्या तुकड्यांत, धान लावायचं, उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या बांध्यांत राबायचं.

पावसात मोठ्या तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी उथळ पसरतं, तिथं मासोळी चढते अन् अंडी टाकते. ती अंडी जुन्या लुगड्यानं उचलायची. दोघांनी चार टोकं धरायची, पाण्याखालून सरकवायचं, अन् दोघांनी एकाच दमात वर घ्यायचं. एकानं घाई केली की सगळं एका बाजूनं निसटतं. मग ती अंडी खड्ड्यात राखायची. त्यांची जिऱ्याएवढी पिल्लं झाली की मडक्यात भरून दुसऱ्या गावांच्या तलावात नेऊन सोडायची. हे बीज नेण्याचं काम आमच्या घरी होतं.

मडक्यातलं पाणी उभं राहिलं की पिल्लं गुदमरून मरतात. पाणी हलतं पाहिजे. माझा बाप कावडीनं न्यायचा. कावड चालीबरोबर हिंदकळते, पाणी आपोआप हलतं. त्या साली तलावाच्या ठेकेदारानं मला त्याची सायकल दिली. काळी, जड, घंटी नसलेली. पुढं दांडीला एक मडकं बांधलं, ते रस्त्याच्या खड्ड्यांनीच हलायचं. मागच्या मडक्याला माणूस पाहिजे होता, मांडीवर घेऊन हातानं पाणी खळखळवणारा. माझा मोठा भाऊ येणार होता. त्याला ऐन वेळी ताप भरला. आईनं चूल फुंकता फुंकता सांगितलं, "ने मग हिलेच. हात तं दोन हायेत तिले."

सगुणा लग्न होऊन आली त्याला तेव्हा वरीस झालं होतं. एका खोलीच्या घरात आम्ही सात माणसं. बोलायला जागा नव्हती. मोठ्या माणसांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, तिनं माझं नाव घ्यायचं नाही, मीही तिला हाक मारायची नाही. "ऐकलं का" एवढंच. वरीसभर मला तिचा आवाज माहीत होता तो चुलीपासचा, आईला "हो" म्हणणारा.

गावाची पाळ उतरलो, शेवटचं मोहाचं झाड मागं पडलं, अन् मी सायकलवरून पुढं बघूनच म्हटलं, "सगुणा."

मागं मडक्यातलं पाणी थांबलं.

"हात हालव," मी म्हटलं. "मरतीन ते."

"तं हाका काऊन मारता मंग?"

असं आमचं पहिलं बोलणं.

आमच्याकडची जमीन तळहातासारखी सपाट. जंगल दूर, निळं, कडेला बसलेलं. मधी सगळ्या बांध्या, बांध्यांत पाणी, पाण्यात आभाळ. एक तलाव संपला की दोन कोसांवर दुसरा. सायकल जोरात हाणायची सोयच नव्हती, मडकं फुटलं असतं. माणूस चालतो त्याच्यापेक्षा थोडं पुढं, इतकीच चाल. चाकाला चिखल धरायचा, मी काडीनं काढायचो. पायाला जळू लागायची, सगुणा उतरून तिच्यावर चिमूटभर मीठ टाकायची. जळूला तिनं कधी आरडाओरडा केला नाही. बेडूक पाहून मात्र केला. तलावावर राहणारी बाई अन् बेडकाला भिते, हे मला वरीसभर माहीत नव्हतं.

रोवणाऱ्या बाया वाकून ओळीनं धान लावत असायच्या. सायकल दिसली की सगळ्या ओळीची कंबर सरळ व्हायची.

"अवो बाई, नवऱ्याच्या मागं बसून कुठी चाल्ली?"

"मडक्यात काय हाय वो?"

"लेकरं," सगुणानं जोरात सांगितलं. "हजारावर असतीन!"

त्या अशा हसल्या की एकीच्या हातातली रोपांची पेंडी सुटली. मी लाजलो. ती नाही लाजली. घरी मान वर न करणारी ही पोरगी सायकलच्या कॅरिअरवर बसून परक्या बायांना जबाब देऊन राह्यली होती. मी वळून पाहिलं तर तोंड ओलं, पदर मागं पडलेला, एक हात मडक्यात कोपरापर्यंत. वळून पाहिलं म्हणून सायकल बांधावरून घसरायला आली, अन् तिनं मडकं धरायच्या आधी मला धरलं. नंतर त्याच्यावरून मला बोलली, "समोर पाहा. मी काई पळून नाई जाऊन राह्यली."

दुसऱ्या का तिसऱ्या गावी मी मोठी चूक केली.

बीज सोडायची एक रीत असते. मडक्यातलं पाणी वेगळं, तलावातलं वेगळं. त्याची ऊब वेगळी, त्याचा गढूळपणा वेगळा. म्हणून मडकं तसंच तलावात तरंगत ठेवायचं. बाहेरून थंड होऊ द्यायचं. मग काठ जरासा कलता करून ओंजळभर तलावाचं पाणी आत घ्यायचं. थांबायचं. पुन्हा ओंजळभर. घटकाभर असं चालतं. मग पिल्लंच काठावरून बाहेर जातात, आपल्या पायानं म्हणावं तर त्यांना पाय नसतात. बापानं मला हे दहा वेळा दाखवलं होतं. पण त्या दिवशी आभाळ भरून आलं, विजा सुरू झाल्या, पाळीवर माणसं उभी, अन् मला घाई झाली. मी मडकं उचललं अन् पालथं केलं.

थोड्या वेळानं पाण्यावर पांढरं पांढरं दिसायला लागलं. तांदूळ सांडावा तसं. सगळी उलटी.

त्या तलावावर डोमाभाऊ नावाचा एक म्हातारा होता, त्याच माणसांत उभा. त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "अबे, नव्या नवरीसारखं असते ते. पाण्याले पाणी भेटू दे पह्यले. तुले कोणाची गाडी धराची होती?"

ती माणसं पावसामुळं पांगली. आम्ही सिंदीच्या बुडाशी बसलो. सगुणा उरलेल्या मडक्यात हात हालवत होती. मी म्हटलं, चुकलं माझं. ती पाण्याकडं बघत म्हणाली, "मले तरी कोन थांबून सोडलं होतं? आनली अन् ओतली."

पाऊस होता, विजा होत्या, पण मला ते वाक्य नीट ऐकू आलं. वरीसभर तिला काय वाटत असेल हे मी कोणाला विचारलं नव्हतं, तिला तर नाहीच. मी तिच्या हातातून मडकं घेतलं अन् म्हटलं, तुझा हात दुखला असंन, आता मी हालवतो. तिनं हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती, म्हातारीच्या हातासारखी. तोच हात मी आता पुढं खूप वर्षं पाहणार होतो, पण तेव्हा तो सतरा वर्षांच्या पोरीला लावलेला होता.

उरलेल्या मडक्यातलं बीज थोडं थोडं करून पुढच्या प्रत्येक तलावावर तीच सोडायची. मी पाळीवर बसायचो. घटका म्हटली तर तिची दोन घटका व्हायची. मी भाकरीचं फडकं सोडायचो, जवसाची चटणी, कांदा. समोर मडकं तरंगतंय, ती गुडघाभर पाण्यात काठाला दोन बोटं लावून उभी. कमळाच्या पानावर पाणकोंबडी चालायची. वाऱ्यानं तलावाचं पाणी एका बाजूला काळं, एका बाजूला चांदीसारखं व्हायचं. मी म्हणायचो, झालं का? ती म्हणायची, "त्यायले विचारा." कधी म्हणायची, "जाऊन राह्यले, एक एक. बोलू नका."

शेवटचं मडकं गोंडपिपरीच्या अलीकडं रिकामं झालं. काम संपलं. रिकामी मडकी घेऊन सरळ रस्त्यानं दुसऱ्या दिवशी घरी पोचलो असतो. मी सायकल फिरवली तर ती म्हणाली, "हा रस्ता कुठी जाते?"

"दुसऱ्या तलावाकडं."

"अन् त्याच्या पुढं?"

"तिसऱ्या."

ती कॅरिअरवर बसली. मी त्या रस्त्यानं सायकल घातली. असे आम्ही पाच दिवस फिरलो. कामाशिवाय. आमच्यासारखी माणसं कामाशिवाय कुठं जात नाहीत, अन् पावसाळ्यात तर नाहीच. विचारलं कोणी तर काय सांगावं, म्हणून रिकाम्या मडक्यांना फडकं बांधून ठेवलं. लोकांना वाटे आत बीज आहे. सगुणा मधूनमधून फडक्यात हात घालून हालवल्यासारखं करायची अन् हसायची. रात्री कोणाच्या पडवीत, एकदा देवळात. दिवसा तलावामागून तलाव. मला आठवतं ते एवढंच, त्यात गोष्ट काही नाही. ओल्या मातीचा अन् शेवाळाचा वास, चाकाचा कुरकुर आवाज, अन् पाठीला मधूनच लागणारं तिचं कपाळ, झोप लागली की.

घरी सांगितलं, नाला चढला होता, वाट बंद होती.

आईनं तिच्या पायांकडं पाहिलं. "नाला चढला म्हनते अन् लुगड्याचा काठ कोरडा हाय," एवढंच म्हणाली. पुढच्या सालापासून बीज न्यायला भाऊच गेला. सगुणा पुन्हा त्या खोलीत, त्या चुलीपाशी. मी तिला सांगितलं होतं, पुन्हा नेईन. लेकरं झाली, एक राहिलं, विलास. सायकल ठेकेदारानं परत घेतली. मग बीज प्लास्टिकच्या पिशवीतून जीपनं यायला लागलं, हात हालवायची गरज राहिली नाही. पुढं मी माझी सायकल घेतली, तिच्यावर धानाची पोती वाहिली, सगुणाला नेलं नाही. कोणी अडवलं नव्हतं. नेलं नाही, बस. याला मी कारण लिहून राह्यलो नाही, कारण कारणच नाही.

या उन्हाळ्याच्या शेवटी ती अंगणात घसरून पडली. विलास गाडी घेऊन आला. तो वाईट पोरगा नाही. म्हणाला, बाबा, चंद्रपूरला नेतो, तिथं दवाखाने आहेत. मी म्हटलं, उचल. ती म्हणत होती, कोंबड्या कोणाकडं देऊ, एकदा पाळीवर घेऊन चला, घराला कुलूप मी लावते. मी म्हटलं, आता नखरे करू नको. घंटाभरात ती तिसऱ्या मजल्यावर होती.

तिथं सगळं होतं. पंखा, डॉक्टर, गरम पाणी. खिडकीला जाळी, बाल्कनीला जाळी, खाली जायला एक लोखंडी खोली, बटन दाबलं की उतरणारी. सून म्हणे, एकटे उतरू नका. टीव्हीवर दाखवत होते, भामरागडचा रस्ता तुटला, सिरोंच्याकडं पाणी भरलं. सगुणा ते बघायची अन् आपल्या नाल्याचं नाव येते का म्हणून कान द्यायची. एवढ्याशा नाल्याचं नाव कोण घेतं? ती खायची कमी झाली, बोलायची कमी झाली. डॉक्टर म्हणाले वय आहे. वय होतंच. पण मी पाण्यावर पांढरं झालेलं पाहिलं आहे. मला कोणी शिकवू नये. दोन वेळा ओतली तिला. पहिल्या वेळी मी पोरगा होतो, रीत मोठ्यांची होती. या वेळी मडकं माझ्या हातात होतं.

ती गेल्यावर मी विलासला म्हटलं, गावी नेऊ. त्यानं तिथल्या तिथं गावी फोन लावला अन् तो माझ्या कानाला धरला. पलीकडून आवाज, "पुलावर कमरेएवढं पानी हाय, काका. वाट बंद हाय." खरं बोलत होता बिचारा. त्या जुन्या सालचं माझं खोटं जसंच्या तसं मला परत ऐकवलं, त्याला काय माहीत. चंद्रपुरातच जाळावं लागलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. ती घरात आणत नाहीत. समोरच्या वाण्याची बाई म्हणाली तसं विलासनं मडक्यांत भरून ती खालच्या कडुनिंबाच्या फांदीला टांगली. दोन मडकी, एक मोठं, एक लहान. लहानात मी मूठभर राख घेतली होती अन् त्या लुगड्याचा तुकडा फाडून तोंडाला बांधला होता. विलास म्हणाला, "बाबा, सगळं नदीतच टाकायचं असतं."

"तुझं तू नदीत टाक. मूठभर माझी."

पाच दिवस मी जाळीतून खाली त्या मडक्याकडं पाहत बसलो. ती बाहेर वाऱ्यावर हलत होती, मी आत होतो. सून जेवायला बोलवायची. मी जायचो, जेवायचो, परत येऊन बसायचो. सहाव्या दिवशी संध्याकाळी गावाकडून फोन आला, नाला उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. विलास गाडी चालवत होता. मोठं मडकं मागं ठेवलेलं, लहान माझ्या मांडीवर. आयुष्यात पहिल्यांदा मडकं माझ्या मांडीवर अन् चालवणारा दुसरा. रस्त्याच्या दोन्ही अंगाला रोवणे चालले होते. खड्ड्यात गाडी आपटली की माझा हात आपोआप फडक्याखाली जायचा. पुलाच्या कठड्याला गवत अन् काटक्या अडकून होत्या, पाणी कुठवर आलं होतं ते दाखवायला.

घराकडं गेलो नाही. सरळ पाळीवर. कोंबड्या शेजारणीकडं होत्या, त्यांचा आवाज तेवढा आला. मी धोतर खोचलं अन् तलावात गुडघाभर उतरलो. तळाचा चिखल ओळखीचा होता.

विलास पाळीवरून म्हणाला, "बाबा, सांभाळून. पालथं करा अन् या, नदीवर जायचं आहे."

"थांब."

मी फडकं सोडलं. मडकं पाण्यात ठेवलं. ते तरंगलं. काठाला दोन बोटं लावून उभा राहिलो. बाहेरून मडकं गार झालं तसं काठ जरासा कलता केला अन् ओंजळभर पाणी आत घेतलं. थांबलो. पुन्हा ओंजळभर.

"किती वेळ लागेल?" विलासनं विचारलं.

"तिले विचार."

मग मला पाण्यात पाय टाकल्याचा आवाज आला. पँट भिजवत तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला अन् मडक्याची दुसरी बाजू त्यानं धरली. राख काठावरून जायला लागली होती, थोडी थोडी, तिची तीच.

"बोलू नको," मी म्हटलं.